पत आणि वही



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, हा गृहस्थ संपावर बोलेल, किमान वेतनावर बोलेल, फार तर नव्या कामगार संहितांचा समाचार घेईल. ज्याचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांपुढे भाषणे करण्यात गेले त्याने दुसरे बोलावे तरी काय? परंतु आज मी निराळा विषय घेतला आहे, आणि तो मला आपल्या कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या पोरांनीच दिला आहे.

तिथे मला जी तरुण मुले भेटतात, त्यांतली पुष्कळजण आज कुणाची नोकर नाहीत. कुणी भाड्याच्या गाळ्यात जुना लेथ टाकून जॉबवर्क करतो, कुणी टेंपोने ओतीव माल वाहतो, कुणी वेल्डिंगचे यंत्र घेऊन शेड उभारण्याची कामे अंगावर घेतो. एखादी मुलगी घरच्या सोप्यात चार शिलाईयंत्रे मांडून कपडे शिवून देते. यांना हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, अर्थात युनियनही नाही. ती मजकडे पगारवाढ मागत येत नाहीत. ती विचारतात, "काका, आम्ही राबतो, कमावतो, कुणाचे बुडवत नाही, मग बँक आम्हाला दारात का उभी करीत नाही?"

मी अर्थशास्त्री नव्हे. शाळा लवकर सुटली. वाचायला शिकलो तो युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके चाळून. तेव्हा मी जे सांगणार ते व्यवहारातले सांगणार.

आपल्या भाषेत 'पत' हा शब्द मोठा मार्मिक आहे. गावात अब्रू गेली तरी आपण 'पत गेली' म्हणतो, आणि वाण्याने उधारी बंद केली तरी 'पत गेली' असेच म्हणतो. दोन्हींत मुद्दा एकच, की या माणसाच्या शब्दावर दुसरा माणूस विसंबेल की नाही. खिशात पैसा असणे ही वेगळी गोष्ट झाली. पैसा माणूस एकटा कमावू शकतो, पण पत मात्र दुसऱ्याने द्यावी लागते. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला पत नाही, मग तो कितीही सचोटीचा असो.

कोल्हापूरकरांना गंगाराम कांबळे यांची हकीकत ठाऊक आहे. शाहू महाराजांच्या चाकरीतला हा माणूस. सवर्णांसाठी राखलेल्या हौदाला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. ज्यांचे जन्मघराणे आपल्या कागलचे घाटग्यांचे, त्या महाराजांनी मारणारांना शासन तर केलेच, पण गंगारामांना भांडवल देऊन हॉटेल काढायला लावले. 'सत्यसुधारक' त्याचे नाव. भांडवल मिळाले, भट्टी पेटली, चहा उकळला. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवीत आणि भर रस्त्यात गंगारामांकडून चहा मागवून पीत. समाजसुधारणेचा दाखला म्हणून ही गोष्ट आपण सांगतो, ते रास्तच आहे. मला तिच्यात व्यवहाराचाही एक धडा दिसतो. नुसत्या भांडवलाने धंदा उभा राहिला नाही. ज्याच्या शब्दाला गावात वजन होते अशा माणसाने चारचौघांदेखत विश्वास टाकला, तेव्हा पत उभी राहिली.

आज गाळ्यातल्या मुलाचा चहा प्यायला कोणी महाराज येणार नाही. त्यांच्या जागी एक वही आली आहे. आणि वहीचा इतिहास महाराष्ट्राला चांगला माहीत आहे. १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा मुख्य रोख कशावर होता? कर्जरोख्यांवर. रोखे हिसकावून घ्यायचे नि जाळायचे. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे कुळाला वाचता येत नव्हते, विचारता येत नव्हते, आणि न्यायालय मात्र त्या वहीला प्रमाण मानीत होते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात कर्जदाराला पावती नि हिशेब मागण्याचा हक्क द्यावा लागला. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. त्याच्या मुळाशी कल्पना अशी की, गरिबापाशी तारण नसले तरी शेजाऱ्यांना त्याची चालचलणूक ठाऊक असते. तेव्हा शेजाऱ्यांनीच वही ठेवावी.

आजची वही संगणकात आहे. लोक तिला सरसकट 'सिबिल' म्हणतात. ती कंपनी २००० साली निघाली. आज अशा चार कंपन्या आहेत आणि २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात. बँका, सहकारी बँका, वित्त कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना पुरवतात. हप्ता कोणत्या महिन्यात आला, कोणत्या महिन्यात चुकला. त्यावरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक आकडा निघतो. जुन्या मंडळींना हा प्रकार अमानुष वाटतो. मलाही तो फारसा प्रेमाचा नाही. पण या वहीला जातपात कळत नाही, आणि हप्ता भरणाऱ्याचे नाव ती पुसून टाकीत नाही, एवढे तिचे गुण मानले पाहिजेत.

तिचा दोष निराळाच आहे. एका मुलाचे उदाहरण सांगतो. आधी कंत्राटी ऑपरेटर होता, पगार रोख. चार वर्षे त्याने गावच्या पतसंस्थेत रोज पिग्मी भरली. पिग्मीवर तीन वेळा कर्ज काढले, तिन्ही वेळा मुदतीआधी फेडले. भिशीत त्याचा हप्ता कधी चुकला नाही. अशा मुलाने लेथसाठी बँकेत अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. वहीत काय निघाले? एकच नोंद. वित्त कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला मोबाइल बिघडला, दुकानदाराशी भांडण झाले, नि रागाच्या भरात याने शेवटचे दोन हप्ते भरले नाहीत. आता पाहा, पतसंस्था बहुधा या जाळ्याच्या बाहेर असतात. भिशी, हातउसने, दुकानची उधारी तर पूर्णच बाहेर. त्यामुळे चार वर्षांचा चांगुलपणा कुठे लिहिला गेला नाही आणि दोन हप्त्यांचा राग मात्र लिहिला गेला.

पतसंस्थांची मी निंदा करतो असे कोणी समजू नये. पिग्मी गोळा करणारा माणूस सायकलवरून दारोदार फिरला नसता तर आपल्याकडच्या निम्म्या टपऱ्या उभ्या राहिल्या नसत्या. ती कल्पना १९२८ साली उडुपीकडच्या सिंडिकेट बँकवाल्यांनी काढली, तेव्हा रोजचे दोन आणेसुद्धा गोळा होत. कारखान्यातल्या कामगारांच्या पतसंस्थेचे बळ तर मी जवळून पाहिले आहे. पगारातून परस्पर कपात होते म्हणून तिथे कर्ज सहसा बुडत नाही. पण ज्याला पगारच नाही त्याची कपात कशातून करणार?

म्हणून धंदा करणाऱ्या मुलाने पहिली खटपट करायची ती आपले चांगले वागणे त्या वहीत चढेल अशी. त्याला मोठे कर्ज लागत नाही, लहानच बरे. मुद्रा योजना एप्रिल २०१५ पासून आहे. तिच्यातल्या 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज विनातारण मिळते. ज्याच्यापाशी दहापंधरा हजार शिल्लक आहेत त्याने ते बँकेत मुदत ठेवीत घालून त्या ठेवीवर क्रेडिट कार्ड घ्यावे. ठेव तारण असल्याने जुनी पत्रे, विवरणे फारशी मागत नाहीत. त्या कार्डावर यंत्राचे तेल, हत्यारे, डिझेल असा खर्च मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत करावा आणि तारखेच्या आत पूर्ण रक्कम भरावी. 'किमान रक्कम' असे बिलावर छापलेले असते, तिच्याकडे पाहूही नये. उरलेल्या रकमेवर महिना तीन-साडेतीन टक्के व्याज चढते; सुप्याचा सावकारही लाजला असता. वर्षभर असे चालवले म्हणजे वहीत बारा महिन्यांच्या बारा ओळी होतात, आणि बँकेचा अधिकारी ज्या कागदाकडे पाहतो तो कागद कोरा राहत नाही.

कोरा कागद म्हणजे गुन्हा नव्हे, हेही मुलांना माहीत असावे. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की, प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवले आहे. शाखेत कोणी "सिबिल नाही, चल नीघ" म्हणाले तर नकाराचे कारण लेखी मागावे. लेखी मागितले की आवाज पुष्कळदा खाली येतो, हा माझा फाटकावरचा अनुभव आहे.

आणि वही स्वतः वाचावी! १८७५ च्या कुळाला जे मिळत नव्हते ते आज कायद्याने मिळते. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. नावातली, आकड्यांतली चूक दिसली तर तक्रार करावी; तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून लागू आहे. यासाठी दलालाला पैसे मोजण्याचे कारण नाही. 'सिबिल वाढवून देतो' अशा पाट्या लावणारे लोक, मी स्पष्टच सांगतो, फसवे असतात. तेच पुन्हा सल्ला देतात की थकलेले कर्ज अर्ध्यात 'सेटल' करून टाक. पैसे वाचतात खरे, पण वहीत 'सेटल' हा शब्द वर्षानुवर्षे राहतो आणि वाचणारा त्याचा अर्थ 'बुडवले' असाच घेतो. वर सांगितलेल्या मुलाने ते दोन हप्ते दंडासकट पूर्ण भरले, खाते 'बंद' असे लिहून घेतले, आणि मग ठेवीवरच्या कार्डाच्या वाटेने गेला.

एक गोष्ट मात्र आमच्या मातीतली आहे, तिथे मला थोडे कठोर बोलावे लागेल. मित्र येतो, म्हणतो, "जामीनदार म्हणून नुसती सही कर." आपण दोस्तीखातर सही करतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी त्याच्याकडे जाईल, मग तुमच्याकडे, असा काही क्रम नाही. शिवाय ते कर्ज तुमच्याही वहीत दिसते. दोस्ती खुशाल निभवा, पण सही करण्यापूर्वी त्याचे हप्ते आपण भरू शकतो का, एवढे विचारून घ्या.

आता शेवटच्या आणि माझ्या मते सर्वांत मोठ्या गोष्टीकडे येतो. मुलगा नियमित आहे, हिशेबी आहे, तरी हप्ता चुकतो. का? समजा, तो महिन्याला ऐंशी हजारांचे मशिनिंग करून देतो. मोठी कंपनी बिल चार महिन्यांनी देते. म्हणजे कुठल्याही दिवशी त्याचे तीन लाख वीस हजार रुपये कंपनीकडे अडकलेले असतात. हे बिनव्याजी कर्जच झाले, आणि ते लेथवाल्या पोराने कारखान्याला दिलेले! त्याचा चौदा हजारांचा हप्ता महिना उशिरा गेला की त्याच्या वहीत डाग पडतो. कंपनीने याचे बिल चार महिने दाबले, त्याचा डाग कुणाच्या वहीत पडतो?

कायदा नाही असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, नसेल तर पंधरा दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३ साली प्राप्तिकर कायद्यातही तरतूद घातली गेली की सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे या मुदतीत दिले नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मागता येणार नाही. त्या तरतुदीने मार्चअखेर मोठमोठे हिशेबनीस छोट्या गाळेवाल्यांना आपण होऊन फोन करू लागले, ही मौज मी पाहिली आहे. पण या कायद्याचा आधार घ्यायचा तर उद्यम नोंदणी हवी. ती १ जुलै २०२० पासून आहे, फुकट आहे, आधार क्रमांकावर होते. माल नेला-आणल्याचे चलन सहीशिक्क्याचे हवे. बिलावर मुदत छापलेली हवी. "नोंदणी रद्द कर, मग काम देतो" असे म्हणणारे खरेदीदारही निघाले आहेत. त्यावरूनच ती नोंदणी किती कामाची आहे हे समजावे.

एकटा मुलगा तक्रार करायला भितो, कारण उद्या जॉब बंद होईल. त्याची भीती खोटी नाही. एकट्या कामगारालाही फाटकावर हेच भय होते, आणि त्यावर तोड निघाली ती दहाजणांनी एकच कागद पुढे करण्याने. एका कंपनीचे काम करणाऱ्या दहा गाळ्यांनी आपल्या बिलांवर एकच मजकूर छापला, 'पंचेचाळीस दिवसांत देय, पुढे कायद्याप्रमाणे व्याज,' तर त्यांतल्या एकाला वेगळा काढून शिक्षा करणे सोपे राहत नाही. आमच्या कचेरीत हे आम्ही सुरू केले आहे. तिथे येणारे कामगार नाहीत, मालकही नाहीत. मधलेच काहीतरी आहेत. आमच्यातल्या काही जुन्या मंडळींना ते पटत नाही. चालेल. रविवारी सकाळी दहापासून कचेरी उघडी असते. येताना गेल्या सहा महिन्यांची चलने, बिले आणि बँकेचे पासबुक आणावे. नुसत्या तोंडी तक्रारीवर मला काही करता येत नाही.