आधीच विणलेला बाळंतविडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी आपण बाहेरून कोणी विदुषी बोलावतो. त्या आपल्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतात. यंदा कार्यकारिणीने ते काम माझ्यावर सोपवले. मी सातवी शिकलेली, चूल आणि घर सांभाळणारी बाई. व्याख्यान देणे माझ्याच्याने व्हायचे नाही. पण वीस-बावीस वर्षे हातात विणकामाच्या सुया आहेत, तेव्हा त्यांच्याविषयीच बोलते. विषय लहान आहे, कारण ज्यांच्यासाठी विणायचे ती माणसेही फार लहान आहेत. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी टोपडी, मोजे आणि झबली विणावीत, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आपल्याकडे बाळंतविडा करण्याची किती सुंदर रीत आहे! टोपडे, कुंची, झबले, दुपटे, मोजे असे सगळे नीट मांडून आपण बाळंतिणीला देतो. पण तो देतो बाळ जन्मल्यावर, बहुधा बारशाला. बाळ येण्याआधी त्याचे कपडे शिवू नयेत, पाळणा बांधू नये, असे आपल्या सासवा-आज्या सांगत आल्या. त्यामागे त्यांची काळजी होती, म्हणून मी त्याला हसत नाही. पूर्वी कितीतरी बाळे हाती लागत नसत, आणि रिकामे झबले पाहून आईचा जीव तुटे. पण या रीतीमुळे एक अडचण होते. जे बाळ घाईने येते, त्याच्यासाठी घरात काहीच तयार नसते.

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचे असेच झाले. तिचे दिवस माघात भरायचे होते. मार्गशीर्षाच्या कडाक्याच्या थंडीत, बत्तिसाव्या आठवड्यात ती बाळंत झाली. बाळ १४०० ग्रॅमचे. आपल्या वाण्याकडची दीड किलो साखरेची पुडी त्याच्याहून जड. बहिणीने घाईघाईने जावयांना टोपडे आणायला बाजारात पाठवले. तीन दुकाने पालथी घातली, पण सगळ्यांत लहान म्हणून जे मिळाले ते भरल्या दिवसांच्या बाळाचे होते. डोक्यावर घातले की डोळ्यांवरून थेट नाकावर उतरे. तिथल्या सिस्टरनी ते परत केले आणि म्हणाल्या, “घरात कुणाला विणता येतं का?” माझी भाची पडल्या पडल्या म्हणाली, “मावशीला येतं.” त्या रात्री मी दोन टोपडी विणली. त्यानंतर आजवर किती विणली ते मोजलेले नाही.

आता हे टोपडे एवढे महत्त्वाचे का, ते मला डॉक्टरीणबाईंनी आणि सिस्टरांनी जसे समजावले तसे सांगते. सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशी जन्मली, आणि त्यांतली सुमारे ३० लाख आपल्या भारतातली होती. तेव्हा ही गोष्ट एखाद्या घरची नव्हे.

आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, आणि त्या कुडकुडण्याने अंगात ऊब येते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या अंगात ऊब देणारी खास चरबी असते, ती शेवटच्या महिन्यांत साठते. लवकर आलेल्या बाळाजवळ ती फार थोडी. कातडीही पातळ. शिवाय अंगाच्या मानाने डोके मोठे, म्हणून उघड्या डोक्यावाटे पुष्कळ ऊब निघून जाते. अंग थंड पडले की बाळाची शक्ती ऊब धरण्यातच खर्च होते, मग दूध ओढायला आणि वजन वाढवायला उरत नाही. श्वासालाही त्रास होतो. बाळाच्या अंगाची ऊब साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सियसच्या आत राहावी लागते.

पण भगिनींनो, लोकरीला सगळे श्रेय देऊ नका. बाळाची पहिली ऊब आईची छाती. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरी, डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी १९७८ साली अपुऱ्या दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तिथे काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या. कांगारू पिलाला पोटाच्या पिशवीत ठेवते, म्हणून या रीतीला कांगारू काळजी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले की, कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यावर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर असे ठेवावे, दिवसाचे ८ ते २४ तास. यात बाळाच्या अंगावर काय असते? लंगोट, मोजे आणि टोपडे. बाकी अंग आईच्या अंगाशी. म्हणजे आपल्या सुयांचे काम आईच्या जागी ऊब देण्याचे नाही. आईच्या उबेबाहेर जेवढे डोके आणि जेवढी पावले राहतात, तेवढीच झाकायची. माझ्या भाचीने बाळाला असे रात्रंदिवस धरले. ती थकली की जावई शर्टाची बटणे काढून बसत. पहिल्या दिवशी त्यांना संकोच वाटला, दुसऱ्या दिवशी नाही.

आता प्रत्यक्ष विणण्याकडे वळू. ज्यांना फक्त सुलट आणि उलट टाका येतो, त्यांनाही हे जमेल.

बाळांसाठी मिळते ती मऊ, बारीक लोकर घ्या आणि १० नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या सुया. आधी २८ टाक्यांचा तुकडा विणून मोजा. रुंदी १० सेंटिमीटर भरली तर हात बरोबर. जास्त भरली तर ११ नंबरची सुई घ्या, कारण आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते.

टोपड्याचे टाके आठाच्या पाढ्यात धरा, म्हणजे विसरणार नाही. अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण २५-२६ सेंटिमीटर असतो, म्हणजे मोठ्या मोसंब्याएवढा. त्याला ६४ टाके. बत्तीस आठवड्यांच्या बाळाचा घेर साधारण २९, त्याला ७२. छत्तीस आठवड्यांच्या बाळाला ८०, आणि भरल्या दिवसांच्या बाळाला ८८. घेरापेक्षा टोपडे दोन-तीन सेंटिमीटर कमीच ठेवावे, ते ताणून नीट बसते.

टाके घातल्यावर पहिल्या दहा ओळी एक सुलट, एक उलट अशा विणा. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट करत एकूण उंची ८ सेंटिमीटर होऊ द्या. मग टाके कमी करायचे. सहा सुलट विणून दोनाचा एक टाका करा, असे ओळभर. परतीची ओळ सगळी उलट. पुढच्या सुलट ओळीत पाच विणून दोनाचा एक, त्याच्या पुढे चार विणून, तीन विणून, दोन विणून, एक विणून. शेवटी ओळभर दोनाचा एक. ७२ टाक्यांचे ९ उरतील. लोकर तोडून ती या नऊ टाक्यांतून ओवा, ओढून पक्की करा, आणि बाजू शिवा. शिवण चपटी ठेवा, जाड शिवण बाळाच्या कोवळ्या डोक्याला रुतते. दोन संध्याकाळीत टोपडे होते, आणि ५० ग्रॅमच्या गुंड्यात दोन तरी बसतात.

मोज्यांना टाच विणण्याची गरज नाही. २४ टाके घालून दोन सुलट, दोन उलट असे ९ सेंटिमीटर विणा. शेवटी ओळभर दोनाचा एक करून टाके ओढून घ्या आणि बाजू शिवा. ही वीण पावलाला आपसूक धरून राहते, नाडी लागत नाही.

झबले विणाल तर पुढून उघडे, बाह्यांशिवाय विणा. बाळाला नळ्या लावलेल्या असतात. डोक्यातून घालायचा कपडा तिथे कामाचा नाही. पेटीत बाळ बहुधा उघडेच असते, कारण डॉक्टरांना त्याची छाती आणि रंग दिसावा लागतो. आपले झबले पेटीतून बाहेर आल्यावरचे.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. गळ्याशी रिबीन किंवा नाडी नको. बटणे, मणी, गोंडे नकोत. जाळीची वीण नको, तिच्या भोकात बाळाची बोटे अडकतात. आतून लोंबणारा धागाही बोटाला गुंडाळला जातो, म्हणून आतली टोके नीट खोचून कापा. तंतू सुटणारी केसाळ लोकर नको, ते नाकातोंडात जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे कपडे डांबरगोळ्या घालून ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. अशा बाळाचे रक्त डांबरगोळीच्या वासानेही फुटते आणि भारी कावीळ होते. कपडे सौम्य साबणाने धुऊन, उन्हात वाळवून स्वच्छ पिशवीत ठेवा. देण्याआधी दवाखान्यात विचारा. प्रत्येक ठिकाणची गरज निराळी असते.

उन्हाळ्यासाठी सुती धागा घ्यावा. बाजारात बाळांसाठी मिळणारी पुष्कळशी लोकर खरी लोकर नसून ॲक्रिलिकचा धागा असतो. तो धुण्याला टिकतो, पण विस्तवाने वितळून अंगाला चिकटतो. तेव्हा असे कपडे घातलेले बाळ शेकशेगडीजवळ नेऊ नका.

बाळ घरी आले की आपण बायका प्रेमापोटी त्याला गुंडाळतच सुटतो. त्यासाठी सिस्टरांनी शिकवलेली एक सोपी पारख सांगते. आपल्या हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि पावलाला लावून पाहा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पावले गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा. आणि घाम आला, अंग लाल झाले, तर एक कपडा उतरवा.

नातेवाइकांकडे भेट म्हणून विणतानाही थोडा हिशेब करावा. चैत्रात जन्मलेल्या बाळाला बारशाला जाड स्वेटर दिला तर मार्गशीर्षापर्यंत बाळ आठ महिन्यांचे होते आणि स्वेटर पेटीतच राहतो. अशा बाळाला वर्षाच्या मापाचा विणावा.

काही भगिनी म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, पैसे दिले की झाले. पैसे जरूर द्यावेत. पण बाजारात हे माप सहजी मिळत नाही, हे मी पाहिले आहे. आणखी एक गोष्ट सांगते. माझ्या भाचीच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती. तिच्या बाळाला मी एक टोपडे दिले होते. ते बाळ अकराव्या दिवशी गेले. निघताना तिने सिस्टरना विचारले, “हे टोपडं मी नेऊ का?” तिच्याजवळ बाळाचा फोटोसुद्धा नव्हता. सिस्टरनी ते धुतलेही नाही, तसेच घडी करून तिच्या हातात ठेवले. विणलेले वाया गेले, असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

आमच्या घरचे बाळ सव्वीस दिवसांनी घरी आले. आता ते अंगणवाडीत जाते आणि टोपी घालायला म्हणून तयार होत नाही!

तर माझी सूचना अशी. आधी कपडे करू नयेत, ही रीत एका ठरावीक बाळासाठी आहे. मंडळ जे विणील ते कोणा एका बाळाचे नसेल, मग कोणाला शंका घेण्याचे कारणच नाही. आपल्या भागातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. कोणत्या घरी इवले बाळ आले आहे हे त्यांना ठाऊक असते. १७ नोव्हेंबर हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा जागतिक दिवस, आणि आपल्याकडे थंडीही त्याच सुमारास पडू लागते. त्या दिवसापर्यंत प्रत्येकीने ६४, ७२ आणि ८० टाक्यांचे एकेक टोपडे विणून मंडळाच्या कपाटात ठेवावे. ज्यांना विणता येत नाही त्यांनी दर बुधवारी दुपारी माझ्या घरी यावे. सुया मी देईन, चहाही देईन.