आजीचं गर्भाशय, नातीचा जन्म

पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात ऑक्टोबर २०१८ मध्ये एक मुलगी जन्मली. गुजरातमधून आलेल्या तिच्या आईचं गर्भाशय निकामी झालं होतं, म्हणून आजीनं स्वतःचं दिलं. ज्या कुशीत आई वाढली, त्याच कुशीत लेकही वाढली! प्रत्यारोपित गर्भाशयातून भारतात झालेला हा पहिला जन्म.

जगातला पहिला २०१४ मध्ये स्वीडनमध्ये झाला. तिथे दात्रीचं पोट उघडून गर्भाशय काढलं होतं, पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या चमूनं ते दुर्बिणीतून सोडवलं. दात्रीच्या वेदना त्यानं कमी होतात, आणि ही दात्री बहुधा उतारवयाकडे झुकलेली आई असते.

प्रत्यारोपणात बीजवाहिन्या गर्भाशयाला जोडल्या जात नाहीत. म्हणून गर्भ आधी प्रयोगशाळेत तयार करून गोठवतात, मग गर्भाशयात सोडतात. शरीरानं हा परका अवयव नाकारू नये यासाठी रोज औषधं घ्यावी लागतात. प्रसूती सिझेरियननंच होते. मुलं झाली की गर्भाशय काढून टाकतात आणि ती औषधं थांबतात.

भारतात २०२१ च्या कायद्यानं व्यावसायिक सरोगसीवर बंदी आहे. जन्मतःच गर्भाशय नसलेल्या मुलींसाठी ही शस्त्रक्रिया म्हणूनच फार मोलाची. अजून मात्र ती मोजक्याच रुग्णालयांत होते.