महिरपी कंस कोण मोजणार? रेजेक्स आणि सीएसएस

आजचा प्रश्न: कोडमधून सीएसएस फाइल वाचायची, तर रेजेक्स पुरतं का?

सीएसएसचा नियम दिसायला सोपा. आधी सिलेक्टर, मग महिरपी कंसात प्रॉपर्टी, कोलन, व्हॅल्यू, अर्धविराम. त्यामुळे हा पॅटर्न पटकन सुचतो:

[^{}]+\{[^{}]*\}

म्हणजे कंस नसलेली अक्षरं, उघडता कंस, परत कंस नसलेली अक्षरं, बंद होणारा कंस. साध्या फाइलवर मस्त चालतो.

आता त्याच फाइलमध्ये मीडिया क्वेरी टाका. कंसाच्या आत कंस आला. पॅटर्न बाहेरची अट सोडून देतो आणि आतला नियम तेवढा उचलतो. म्हणजे फक्त मोबाईलसाठी लिहिलेला नियम तुमच्या यादीत सगळ्या स्क्रीनसाठी जाऊन बसतो. आणि एरर? एकही नाही! मला खरी भीती याचीच वाटते. कोड बंद पडला तर निदान कळतं तरी.

अजून गंमत बघा. कॉन्टेंट प्रॉपर्टीत अवतरणचिन्हांत बंद कंस असला, की नियम तिथेच संपला असं रेजेक्सला वाटतं. अर्धविरामावर तुकडे केलेत, तर डेटा यूआरएल मधोमध तुटतो, कारण त्याच्या पोटातच अर्धविराम असतो. आणि कॉमेंटमध्ये टाकलेला जुना नियम? तोही जिवंत होऊन येतो.

यामागे गणित आहे. स्टीफन क्लीनी यांनी 1950च्या दशकात मांडलेल्या रेग्युलर एक्स्प्रेशनला मर्यादित स्मरण असतं. कितीही खोल कंस मोजणं त्यात बसत नाही. काही भाषांच्या रेजेक्समध्ये रिकर्शन मिळतं, जावास्क्रिप्टमध्ये नाही. आणि 2023पासून ब्राउझरमध्ये सीएसएस नेस्टिंग आल्यामुळे कंसात कंस ही रोजचीच गोष्ट झालीय.

मग करायचं काय? रेजेक्सला छोटं काम द्या: शब्द, आकडे, कंस, कॉमेंट वेगळे करणं. कंसांची खोली मोजायला साधा काउंटर ठेवा. उघडला की एक वाढवा, बंद झाला की एक कमी. त्याहून बरं, पोस्टसीएसएससारखा तयार पार्सर वापरा.

स्वतःच्या फाइलमध्ये एखादा रंग शोधायचाय? खुशाल रेजेक्स वापरा. पण ‘#बॅड’ नावाचा आयडी इंग्रजीत लिहिला की तोही रंगाच्या कोडसारखाच दिसतो, हे ध्यानात ठेवा.

आज एवढंच करा: मीडिया क्वेरी, अवतरणातला कंस, डेटा यूआरएल आणि कॉमेंट, हे चारही एका फाइलमध्ये टाका आणि तुमच्या स्क्रिप्टला खायला द्या. काय बाहेर येतं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!