जीवशास्त्राचा पहिला धडा आणि आपली मुले

(मेहरूण, जळगाव येथे दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या पालकांपुढे दिलेले भाषण)



आपण मला कायद्यावर बोलण्यासाठी बोलाविले आहे आणि मी बोलणार आहे जीवशास्त्रावर. मी शास्त्रज्ञ नाही. दहावीनंतर मी या विषयाचे पुस्तक उघडले नव्हते. एका दाव्याने मला ते उघडावयास लाविले, म्हणून आरंभी तो दावाच सांगतो.

काही वर्षांपूर्वी धुळ्याकडील एक भगिनी पोटगीसाठी माझ्याकडे आली. तिचा रक्तगट 'ए', पतीचा 'बी'. मुलगा आजारी पडला तेव्हा त्याचे रक्त तपासले, तो निघाला 'ओ'. आई-बापांपैकी कोणाचाच गट मुलात नाही, एवढ्यावरून सासूने निकाल दिला : "हाऊ पोरगा आमना नही." बाई माहेरी आली. त्या घरात दोन पदवीधर होते. परंतु हे असे घडू शकते, हे सांगणारा एकही नव्हता. खरे सांगतो, तिचा वकीलही त्या दिवशी गप्प बसला होता.

बारावीच्या जीवशास्त्रात याचे उत्तर एका पानात आहे. रक्तगट ठरविणारी दोन जनुके प्रत्येकाजवळ असतात, एक आईकडून आलेले व एक बापाकडून. 'ए' गटाच्या माणसाजवळ एक जनुक 'ए'चे व दुसरे 'ओ'चे असू शकते. 'ए'पुढे 'ओ' झाकलेले राहते. 'बी'चेही तसेच. अशा दोघांच्या प्रत्येक अपत्यास दोन्हींकडून 'ओ' मिळण्याचा संभव चारांत एक असतो. त्या मुलाच्या रक्तात आईचाही अंश होता आणि बापाचाही. फक्त तो दोघांच्या अंगी झाकलेला होता. डॉक्टरांनी साक्षीत हे सांगितले तेव्हा न्यायालयात पाच मिनिटे लागली. त्या बाईला तोवर माहेरी तीन वर्षे काढावी लागली होती.

कायदा तिच्या बाजूने होता. विवाहसंबंध चालू असता जन्मलेले मूल औरस मानावे, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ सांगत असे. १ जुलै २०२४ पासून तोच नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. परंतु कायदा न्यायालयात भेटतो. सासूच्या ओसरीवर त्या दिवशी उपयोग झाला असता तो अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकलेल्या एखाद्या पोरीचा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. रक्तगटावरून पितृत्व सिद्ध होत नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक असा रक्तगट शोधला की जो साध्या तपासणीत 'ओ' दिसतो, पण 'ओ' नसतो. त्यास जगभर 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. अर्धवट ज्ञानाने निकाल देणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

रक्ताची आणखी एक गोष्ट या जिल्ह्याच्या उंबरठ्यावरच आहे. सातपुड्यातील भिल्ल, पावरा बांधवांत आणि विदर्भातील आपल्या समाजातही सिकलसेल हा आजार आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, मूल वारंवार पांढरे पडते. घरचे लोक देवीचा कोप म्हणतात, नाहीतर सुनेच्या पायगुणास दोष देतात. वस्तुतः माता आणि पिता दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारांत एक. दोष एकटीचा नव्हे, किंबहुना दोष कोणाचाच नव्हे. जेथे हिवताप माजलेला असे तेथे हे जनुक टिकले, कारण वाहकास हिवतापापासून काही संरक्षण मिळते. सोयरीक जमविताना आपण पत्रिका टाकून दिली हे उत्तम केले. आता तेथे रक्ततपासणीचा कागद ठेवा.

अकरावीचा अर्ज भरताना जीवशास्त्र का गाळता, असे मी अनेक पालकांस विचारले. कोणी म्हणाले, खर्च. कोणी म्हणाले, कला शाखा आपल्याला बरी. एका वृद्ध मातेने मात्र विचारात पाडणारा प्रश्न केला : "साहेब, आम्ही पंचशील घेतले, पोरीने बेडूक कसा कापावा?" त्यांना मी सांगितले, प्राणिशास्त्राच्या महाविद्यालयीन शिक्षणातील विच्छेदन बंद करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ सालीच सांगितले आहे. पहिल्या प्रात्यक्षिकाला कांद्याचा पापुद्रा पुरतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात. मेहरूण तलावाच्या पाण्याच्या एका थेंबातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

कला शाखा वाईट नाही. मी तिच्यातूनच आलो. पण ती आपल्याला नेमून दिलेली नाही. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे व कायद्याचे पंडित. तरी १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञान, दोन्हींचे. येथे जळगावात मूळजी जेठा महाविद्यालय १९४५ पासून उभे आहे. विज्ञानाच्या शिक्षणासाठी पोराला मुंबई गाठावी लागत नाही.

खर्चाविषयी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. ती मागणे ही याचना नव्हे. काही नवदीक्षित कुटुंबे भितात की, अर्जात 'बौद्ध' लिहिले तर सवलत जाईल. ही भीती सोडा. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली व बौद्धांचा त्यात स्पष्ट समावेश झाला. मात्र प्रमाणपत्र, शाळेचा दाखला व शिष्यवृत्तीचा अर्ज यांत नावाची व धर्माची नोंद जुळली पाहिजे. वैद्यकीय, औषधनिर्माण अशा शिक्षणासाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट पाहत ठेवू नका. दक्षता पथकाची चौकशी लागली तर महिने जातात.

ज्यांनी जीवशास्त्र आधीच सोडले आहे त्यांचाही मार्ग बुजलेला नाही. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून हा विषय अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण केल्यास 'नीट' परीक्षेस बसता येईल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे. तथापि वळसा घालून जाण्यापेक्षा अकरावीतच विषय घेतलेला बरा. आणि डॉक्टरकीवरच नजर लावू नये. परिचारिकेची पदवी, प्रयोगशाळेचे काम, शेतकीचे शिक्षण, हे सारे याच दारातून जाते.

मी अजून तासभर येथेच बसणार आहे. ज्यांच्या दाखल्यांतील नोंदी जुळत नसतील त्यांनी मूळ कागद घेऊन पुढे यावे. झेरॉक्स नंतर पाहू.