किल्ल्यापुरती माती



सहामाही परीक्षा संपली की ठाण्या-डोंबिवलीच्या वाड्यांत आणि चाळींत एकेकाळी पहिली धावपळ सुरू होई ती मातीसाठी. कुणी घमेले आणी, कुणी विटांचे तुकडे, कुणी घरातले फाटके गोणपाट. थोरल्यांचा हुकूम चाले, धाकट्यांच्या वाट्याला पाणी वाहण्याचे काम येई. एखादा बुरूज ढासळे, तो का ढासळला यावर भांडण होई आणि अधिक रुंद पायाचा दुसरा उभा राही. उतारावर हळीव पेरले जाई, शिखरावर महाराज विराजमान होत. आज अनेक संकुलांत किल्ला असतो तो बाजारातून आणलेला, प्लास्टरचा. आवारात पेव्हर ब्लॉक बसले आहेत. मूठभर माती उकरायलाही जागा उरलेली नाही.

हा केवळ सणाच्या आठवणींचा विषय नव्हे, नगररचनेचा आहे. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सोरेन्सन यांनी मुलांसाठी नीटनेटकी क्रीडांगणे आखली आणि त्यांच्या ध्यानात आले की, मुले तेथे रमण्याऐवजी अर्धवट बांधकामांवर आणि भंगाराच्या ढिगांवर अधिक रमतात. जर्मन सैन्याने देश व्यापलेला असतानाच, १९४३ मध्ये, कोपनहेगनच्या एमद्रुप वसाहतीत त्यांच्या कल्पनेचे मैदान उघडले. तेथे घसरगुंडी नव्हे, तर फळ्या, विटा, माती आणि हत्यारे होती. शिवाय मुलांमध्ये मिसळून लक्ष ठेवणारा एक जाणता माणूस होता. १९४६ मध्ये लेडी अ‍ॅलन या इंग्रज विदुषीने ते मैदान पाहिले आणि बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या लंडनमधील भूखंडांवर तशी मैदाने उभी राहावीत यासाठी चळवळ केली. १९७९ पासून टोकियोच्या सेतागाया भागात, हानेगी येथील सार्वजनिक उद्यानाच्या एका भागात अशीच जागा राखलेली आहे. आपल्या आळीत जे दिवाळीच्या चार दिवसांत आपोआप घडत असे, ते या लोकांनी बारमाही केले आणि नगरपालिकेच्या कक्षेत आणले, एवढाच काय तो फरक!

‘मूल पडले तर?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. परंतु जोखीम आणि घात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. झाडाची उंची मुलाला दिसते. किती चढायचे ते तोच ठरवतो आणि चुकत-चुकत अंदाज बांधायला शिकतो. झोपाळ्याच्या साखळीतली गंजलेली कडी मात्र त्याला दिसत नाही. पहिली जोखीम राखायची असते, दुसरा घात शोधून काढायचा असतो. आपल्याकडे नेमके उलट होते. चढण काढून टाकली जाते, आणि गंजलेली कडी तशीच राहते. धाडसाची भूक मात्र कुठे जात नाही. मग पौगंडावस्थेतील मुले पावसाळ्यात येऊरच्या ओढ्यांवर आणि मुंब्र्याच्या धबधब्यांखाली कुणालाही न सांगता जातात आणि प्रशासनाला मनाईहुकूम काढावे लागतात. मुलींच्या वाट्याला तर तेही येत नाही. बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे मैदान सुटते, आणि त्याची चर्चा कुठल्याही सभेत होत नाही.

वस्तुतः साहसाची परंपरा या परिसराला नवी नाही. मुंब्र्याच्या कातळावर गिर्यारोहकांच्या पिढ्या घडल्या. माहुली, गोरखगड, मलंगगड एका दिवसाच्या अंतरावर आहेत. १९५४ पासून कार्यरत असलेल्या गिरिविहार संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये प्रस्तरारोहणाची विश्वचषक स्पर्धा नवी मुंबईत भरली. टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेशही झाला. तरीही दोन-अडीच मीटर उंचीची, खाली वाळू असलेली एखादी साधी चढाईची भिंत प्रभागातल्या उद्यानात सहज दिसत नाही. येऊरचे जंगल राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तेथे काही उभारण्याचा प्रश्नच नाही. भिंत हवी ती वस्तीत, शाळेतून सुटलेल्या मुलाला पायी जाता येईल इतकी जवळ.

जागा कोठून आणायची? २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. त्यानंतर घोडबंदर रस्ता आणि कल्याण-शीळ रस्ता कसे भरले ते सर्वांसमोर आहे. १९६६ च्या नगररचना अधिनियमाचे कलम १२७ नागरिकांनी एकदा तरी वाचावे. आरक्षित भूखंड दहा वर्षांत संपादित झाला नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. मैदाने अशीही जातात, गाजावाजा न होता. दुसरीकडे, २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार मोठ्या अभिन्यासात दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. ती कागदावर असते. प्रत्यक्षात तिच्यावर हिरवळ असते आणि हिरवळीवर फलक असतो, ‘येथे खेळू नये’.

पैशांचे गणितही जरा निराळे आहे. रबरी फरशी, रंगीत खेळणी, कारंजे हा भांडवली खर्च. त्याची निविदा निघते, उद्घाटन होते, फीत कापली जाते. मुलांमध्ये राहणाऱ्या ताई-दादाचे मानधन मात्र वर्षानुवर्षे द्यावे लागते आणि त्याची फीत कापता येत नाही. अशा मैदानाला तर खेळण्यांपेक्षा या माणसाचीच गरज अधिक. निवृत्त क्रीडाशिक्षक, गिर्यारोहण संस्थांचे कार्यकर्ते, महाविद्यालयीन युवक-युवती यांना थोडे प्रशिक्षण आणि नियमित मानधन दिले, तर ही माणसे याच शहरांत मिळतील.

आणि माती? ती तर रोज शहराबाहेर चालली आहे. तळघरे खणली जातात, डंपर भरतात, खाडीकाठ बुजवले जातात. त्यातील राडारोडा नसलेले चार डंपर प्रत्येक प्रभागातील एका उद्यानाच्या कोपऱ्यात, नवरात्र संपताच, रिते करावेत. शेजारी पाण्याचा नळ, काही दगड, बांबू, घमेली आणि संध्याकाळी दोन तास बसणारी एक ताई. तुळशीचे लग्न झाले म्हणून उद्यान विभागाने तो ढीग उचलू मात्र नये.