अर्ध्या सेकंदाची राखण

श्रोतेहो, नमस्कार.

अर्धा सेकंद म्हणजे किती वेळ? मी आत्ता 'नमस्कार' म्हटले, त्यालाही बहुधा त्याहून जास्त वेळ लागला. एवढासा उशीर आपण कोणी मनावर घेत नाही. २०२४च्या मार्चमध्ये मात्र एका संगणक अभियंत्याने तो मनावर घेतला, आणि जगावर येऊ घातलेले एक मोठे संकट टळले.

त्यांचे नाव आंद्रेस फ्रॉइंड. मूळचे जर्मनीचे, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. त्यांचे काम पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर. डेटाबेस म्हणजे संगणकातले दप्तर. आपण घरबसल्या तिकीट काढतो किंवा बँकेतली शिल्लक पाहतो, तेव्हा पडद्यावरची बटणे तेवढी दिसतात. नोंद जिथे लिहिली जाते, शोधली जाते, ती मागची बाजू दिसत नाही. या बाजूला संगणकवाले 'बॅकएंड' म्हणतात. तिथला माणूस काम चोख करत असेल, तर तो तिथे आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पोस्टग्रेसचे मूळ १९८६ साली अमेरिकेत, बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. १९९६पासून ते जगभरचे लोक मिळून वाढवत आले आहेत. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. म्हणजे त्याची मूळ संहिता कुलूपबंद नाही. कोणीही ती वाचावी, वापरावी, सुधारणा सुचवावी. जाणकार ती तपासतात आणि पटली तरच स्वीकारतात. अशा कितीतरी प्रकल्पांवर आजचे इंटरनेट उभे आहे.

तर फ्रॉइंड पोस्टग्रेसचा वेग मोजत होते. असे मोजमाप करताना संगणक शांत लागतो; दुसरे काही काम मध्येच चालू असेल तर आकडे चुकतात. त्यांना दिसले की, दुरून संगणकात शिरण्याची सोय देणारा एसएसएच हा प्रोग्राम विनाकारण दमतो आहे. चुकीचे नाव देऊन आत येऊ पाहणाऱ्याला चटकन हाकलायचे, एवढेच त्याचे काम. त्याला सुमारे ०.३ सेकंद लागायचे, तिथे आता ०.८ लागत होते. काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या चाचण्यांमध्ये दिसलेली एक विचित्र तक्रारही त्यांना आठवली. दोन्ही धागे धरून ते मागे मागे गेले आणि एक्सझेड युटिल्स नावाच्या एका लहानशा सॉफ्टवेअरपाशी पोहोचले.

माहितीची घट्ट घडी घालून ती कमी जागेत बसवायची, हे एक्सझेडचे काम. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत ते असते. त्याच्या ताज्या आवृत्तीत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. गुप्त किल्ली ज्याच्याकडे असेल, त्याला परक्या सर्व्हरमध्ये शिरून हवे ते करता आले असते. २९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड यांनी हे जाहीर केले. ती आवृत्ती तोवर लिनक्सच्या मुख्यतः चाचणीसाठी असलेल्या आवृत्त्यांतच पोहोचली होती. काही महिन्यांनी ती सर्वदूर गेली असती.

हा दरवाजा बसवला कोणी? इथे ही गोष्ट यंत्राची राहत नाही, माणसांची होते. एक्सझेड बरीच वर्षे फिनलंडचे लासे कॉलिन बहुतांशी एकट्याने सांभाळत होते, तेही बिनपगारी. २०२२ साली त्यांनी मोकळेपणाने सांगितले होते की, मानसिक अस्वास्थ्यामुळे आपल्याला पूर्वीसारखे काम होत नाही. तरी काही अनोळखी मंडळी 'नवी आवृत्ती कधी? जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या', असा लकडा लावत होती. ही नावेच खोटी असावीत, असा अनेक जाणकारांचा कयास आहे. अशा वेळी 'जिया टॅन' या नावाने एक मदतनीस पुढे आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने इमानेइतबारे काम केले, विश्वास मिळवला, अधिकार मिळवले आणि मग घात केला. या नावामागे कोण होते, हे आजही उघड झालेले नाही.

म्हणजे संहिता खुली असली की ती आपोआप सुरक्षित होते, असे नाही. ती कोणीतरी मन लावून पाहावी लागते. पण ती खुली होती, म्हणूनच त्या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या फ्रॉइंडना तिच्या तळाशी जाता आले, हेही तितकेच खरे. मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावणे म्हणजे नवे काही लिहिणे, असा आपला समज असतो. इथे लाख मोलाचे ठरले ते एका खटकलेल्या गोष्टीचा पाठपुरावा करणे.

हा धडा पहिला नव्हता. २०१४ साली ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष सापडला. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त राखणारा तो प्रकल्प मूठभर माणसे चालवत होती आणि वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे २,००० डॉलर! त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी थोडी थैली सैल केली. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडच्या झिरोधा कंपनीनेही अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. पैसा हवाच. पण थकलेल्या माणसाला पैशाइतकीच सोबतीचीही गरज असते. कॉलिन यांच्याजवळ खरा सोबती नव्हता, म्हणून खोट्याला जागा मिळाली.

गावच्या विहिरीचे पाणी सगळेच भरतात. उन्हाळ्यात गाळ काढायची वेळ आली की दोघे-चौघेच उतरतात आणि काठावरचे लोक 'लवकर आटपा' म्हणतात. आपल्यात जे तरुण संगणकाचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी अशा एखाद्या प्रकल्पात उतरून पाहावे. चूक शोधावी, माहिती नीट लिहून द्यावी, दुसऱ्याचे काम तपासावे. ते जमत नसेल, तर निदान काठावरून ओरडू तरी नये. वर्षानुवर्षे गाळ उपसणाऱ्या त्या माणसाला, 'बाबा रे, तू बरा आहेस ना?' एवढे विचारावे.