नाममुद्रा आणि सुपरमॅन

एका कथाविश्वात दुसऱ्या कथाविश्वातील वीराने प्रवेश करावा, याचे आपल्या औंढा तालुक्यातील माणसाला फारसे नवल वाटू नये; कारण नागनाथाचे मूळ देवालय वनवासातल्या धर्मराजाने उभारले अशी आख्यायिका तेथे पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते, आणि ज्या भारतकथेतून हे पांडव आपल्या स्थलपुराणात आले, तिच्याच वनपर्वात, सौगंधिक कमळाच्या शोधात निघालेल्या भीमाची वाट एका वृद्ध वानराचे शेपूट अडवते, त्या महाबलाढ्य पुरुषाला ते तसूभरही हलवता येत नाही, आणि मग हा वानर म्हणजे रामकथेतील हनुमंत, आपलाच वडील बंधू, हे त्याला उमगते. या भेटीने भीमाच्या बळाला एक पूर्वज मिळतो, आणि महाभारतकाराने आपल्या आधीच्या कथेचे ऋण कथेच्या ओघातच मान्य केल्यासारखे होते.

आजच्या विज्ञानकथेतही ही रीत आढळते, आणि तिचा एक नमुना मला विशेष मोलाचा वाटतो. ब्रिटनच्या बी.बी.सी. या संस्थेने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी 'डॉक्टर हू' नावाची दूरचित्रवाणी मालिका सुरू केली. काळाच्या पुढेमागे आणि ग्रहाग्रहांवर संचार करणारा एक परग्रहवासी प्रवासी हा तिचा नायक. २०१६ सालच्या नाताळात प्रसारित झालेल्या, स्टीव्हन मॉफट यांनी लिहिलेल्या भागात हा डॉक्टर न्यूयॉर्कमधील एका उंच इमारतीच्या खिडकीबाहेर लोंबकळत असताना ग्रँट नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या खोलीत येतो. मुलापाशी चित्रकथांची पुस्तके असतात. ती चाळताना सुपरमॅनच्या चेहऱ्यावर चष्मा रेखाटून पाहिला की तो हुबेहूब क्लार्क केंट नावाचा बातमीदार दिसतो, हा शोध डॉक्टरला लागतो, आणि जगातील प्रत्येक पोराला ठाऊक असलेले ते रहस्य आपणच प्रथम उलगडले अशा भाबड्या आनंदाने तो ते ग्रँटला सांगतो. पुढे डॉक्टरजवळचे एक अद्‌भुत रत्न औषध समजून तो मुलगा गिळून टाकतो, त्याच्या अंगी उडण्याची शक्ती येते, आणि मोठेपणी तो दिवसा एका तान्ह्या मुलीचा सांभाळ करणारा आणि हाक येताच मुखवटा चढवून आकाशात झेपावणारा दुहेरी आयुष्याचा माणूस होतो.

भीमाला हनुमंत प्रत्यक्ष भेटला. ग्रँटला सुपरमॅन कागदावर भेटतो. पुराणकाराने पूर्वसूरीच्या वीराला रक्ताचा नातलग केले, आधुनिक लेखकाने त्याला उशाशी ठेवलेले पुस्तक केले, आणि माझ्या मते या दुसऱ्या रीतीत एक निराळी प्रामाणिकता आहे. कारण पुस्तक म्हटले की ते कोणी तरी लिहिले, कोणी तरी चितारले, हे ओघानेच आले. मॉफट यांनी तेवढ्यावर न थांबता त्याच कथेत अगदी दुय्यम पात्रांना सीगल आणि शुस्टर ही आडनावे देऊन ठेवली आहेत. ती कोणाची, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो क्षणभराचा उच्चार चटका लावून जातो.

जेरी सीगल आणि जो शुस्टर हे अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरातले, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले दोन शाळासोबती. एकाने लेखणी धरली, दुसऱ्याने कुंचला, आणि १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात त्यांचा सुपरमॅन जगापुढे आला. तेरा पृष्ठांच्या त्या कथेचा मोबदला म्हणून, सर्व मालकीहक्क लिहून देण्याच्या अटीवर, दोघांना मिळून १३० डॉलर मिळाले. इतर कामांच्या रकमा धरून दिलेल्या ४१२ डॉलरच्या त्या धनादेशावर दोघांचीही नावे चुकीची लिहिली होती, म्हणून पाठीमागे त्यांना चुकीच्या आणि बरोबर अशा दोन्ही नावांनी सह्या कराव्या लागल्या. तोच कागद २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. परंतु ते पाहायला दोघांपैकी कोणीही हयात नव्हते. १९४७ साली त्यांनी हक्कासाठी न्यायालयात दाद मागितली, त्यानंतर त्यांच्याच निर्मितीवरून त्यांची नावे उतरवण्यात आली, आणि शुस्टर यांची दृष्टी मंदावत गेली, सीगल यांच्या वाट्याला हलाखी आली, तरी सुपरमॅन मात्र देशोदेशी उडतच राहिला.

कर्त्यापासून कृती तोडणारा असा दस्तऐवज आपल्या नरसीच्या नामदेवरायांपुढे कोणी ठेवू शकले नसते. कयाधूच्या काठच्या या संताने अभंगाच्या अखेरीस आपली नाममुद्रा अशी गुंफली की अभंग म्हणायचा तर नामा म्हणावाच लागावा. त्यांची ६१ पदे दूर पंजाबात जाऊन गुरू ग्रंथसाहिबात विराजमान झाली, पण तेथेही ती नामदेवांचीच राहिली. छापखान्याच्या युगाने ही सोय कवीच्या हातून काढून घेतली. १९६४ सालापासून 'इंद्रजाल' या चित्रकथांच्या अंकांतून मराठी मुलांच्या ओळखीचा झालेला वीर वेताळ आठवा. तो ज्यांनी निर्माण केला त्या ली फॉक यांचे नाव आपल्यापैकी कितीजणांच्या ओठी होते?

स्वेच्छेने नाव झाकणे ही गोष्ट अर्थात वेगळी. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, ती आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. आणि स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या त्या नावालाच पहिले पारितोषिक मिळाले. अशाच कृष्णविवरांच्या टकरीतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी चार चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात व्हायची आहे, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील पोरेही विज्ञानकथा लिहू लागतील अशी मला खरोखर आशा आहे.

नाव सक्तीने गमावलेल्या सीगल आणि शुस्टर यांचा फैसला व्हायला मात्र १९७५ साल उजाडले. सहकारी चित्रकारांनी आणि वृत्तपत्रांनी आवाज उठवल्यावर त्यांना प्रत्येकी वर्षाला वीस हजार डॉलरचे तहहयात निवृत्तिवेतन मंजूर झाले, आणि १९७८ च्या सुपरमॅन चित्रपटाच्या नामावलीत दोघांची नावे सुपरमॅनचे जनक म्हणून झळकली. शुस्टर १९९२ साली गेले, सीगल १९९६ साली. त्या तडजोडीने सुपरमॅनच्या मालकांना बांधले होते, सातासमुद्रापलीकडच्या ब्रिटिश मालिकेला नव्हे. तरीही सीगल यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी तिच्या लेखकाने ती दोन आडनावे आपल्या कथेत आपण होऊन घातली.